अक्कांनी राखलेली जागा

‘यार इंद अम्मा?’

ही बाई कोण, असं अक्कांनी आपल्या क्लार्कला विचारलं. तमिळमध्ये. मी त्यांच्या टेबलापासून हातभर अंतरावर उभी होते. कडेवर माझी मुलगी, नवा फ्रॉक, केसांत कनकांबराचा गजरा. अक्कांच्या अंगातला ब्लाउज मी शिवलेला होता. त्याचा गळा मी दोनदा उसवून पुन्हा टीप मारली होती, कारण त्यांना गळा जरा वर हवा होता. आणि त्या विचारत होत्या, ही कोण.

क्लार्क म्हणाला, ‘एल.के.जी. ॲडमिशनला आलीय, मॅडम.’

‘सीट सगळी भरली, सांग तिला,’ अक्का म्हणाल्या. तिला. मला नाही. खुर्च्यांवर बसलेल्या पालकांनी माझ्याकडे पाहिलं. एका बाईने आपली पर्स मांडीवर ओढून घेतली. माझे कान तापले. मुलगी माझ्या कानात म्हणाली, ‘अम्मा, आपली अक्का.’ ती त्यांना ओळखत होती. त्यांच्या ओसरीवरच रांगायला शिकलेली ती.

अक्का म्हणजे या शाळेच्या करस्पॉन्डंट, इकडे शाळेच्या चालकाला तसं म्हणतात. शाळा त्यांच्या सासऱ्यांनी काढली, चालवतात त्या. तमिळ लोक ज्यांना रायर म्हणतात त्या मराठी ब्राह्मणांपैकी. आम्ही शिंपी. आमचेही पूर्वज राजांच्या मागून तंजावरला आले, असं घरी सांगतात. ते पोथी घेऊन आले, आम्ही सुई घेऊन. तरी आमच्या रस्त्यावर घरात मराठी बोलणारी घरं आता फार थोडी. म्हणून अक्का भेटल्या की माझी जीभ सैल सुटायची. दिवसभर तमिळ बोलून दमलेल्या माणसाला तसं होतं. त्या हसून म्हणायच्या, ‘तू गे आपली.’ मला तेवढं पुरायचं. माप घ्यायला त्या मला कधी आत बोलवायच्या नाहीत, ओसरीवरच उभ्या राहायच्या. मला ते कधी खटकलं नाही. आता खटकतं, आणि स्वतःचाच राग येतो.

आता जागेचं सांगते. खासगी शाळेला सुरुवातीच्या वर्गातल्या चारातली एक जागा आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी ठेवावी लागते. कायदाच आहे. शाळेपासून किलोमीटरभरात घर हवं. आमचं घर त्या शाळेच्या घंटेच्या टप्प्यात. अर्ज जास्त आले तर सगळ्या आईबापांसमोर चिठ्ठ्या काढतात. फी सरकार देतं. ही संधी मुलाला एकदाच मिळते, शाळा सुरू होते त्या वर्गात. ती चुकली की वरच्या वर्गात अशी जागा नसते.

मी अर्ज करणार होते. नवऱ्याने उत्पन्नाचा दाखला काढून आणला होता. तो ओरत्तनाडूच्या कापडदुकानात कामाला जातो, दाखल्यासाठी त्याने सुट्टी घेतली. मग मी एक दिवस अक्कांचं माप घेता घेता बोलून गेले, ‘अक्का, पाप्पाचा अर्ज घालते तुमच्या शाळेत.’ पाप्पा म्हणजे माझी मुलगी, इकडे लहान मुलीला तसंच म्हणतात.

त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, ‘फुकटच्या रांगेत? आपली माणसं तिथे उभी राहतात काय गे? लोक काय म्हणतील? तू अर्ज घालू नको. माझ्या हातात जागा असतात. जूनमध्ये पाप्पाला घेऊन ये. तुझी पाप्पा ती माझी नातच.’

मी अर्ज घातला नाही.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर घातला असता. शेजारची तमिळ सेल्वी म्हणालीही, ‘चिठ्ठीत नाव तरी टाक, तुझं काय जातंय?’ मी तिला मान ताठ करून उत्तर दिलं, आमचं सगळं ठरलंय. आपल्या भाषेत दिलेला शब्द. तो मोडेल असं माझ्या मनात आलंच नाही. चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी मी घरी बसून अक्कांच्या भाचीच्या लग्नाचे ब्लाउज कापत होते. सेल्वीच्या मुलाला जागा लागली. मी तिला साखर दिली, मनापासून.

आणि जूनमध्ये ‘ही बाई कोण’.

मी तिथेच म्हणाले, मराठीत, ‘अक्का, तुम्ही सांगितलं म्हणून मी अर्ज घातला नाही.’

आवाज मोठा झाला असावा. अक्का झटकन उठल्या, मला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिथे कुणी नव्हतं, तेव्हा त्यांना मराठी आठवली.

‘रागावू नको गे. माझी नात त्याच वर्गात हाय. दोघी एका बाकावर बसतील. उद्या तुझी पाप्पा आमच्या घरी येईल, आत फिरेल. तू ओसरीवर टेप घेऊन आणि ती आत. तुलाच ते अवघड होईल. मी तुझ्याच बऱ्यासाठी केलं. मुनिसिपालटीच्या शाळेत घाल. नातीचे फ्रॉक आहेत चांगले, देते.’

एवढं सगळं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. मुलीच्या हातात चॉकलेट ठेवलं.

त्यांनी विसरून केलं नव्हतं. जागा नव्हती असंही नाही. ओसरीवर उभ्या राहून, मी त्यांच्या खांद्याचं माप घेत असताना, त्यांनी माझ्या मुलीची वाट बंद केली होती. आणि मी वाकून टाचण्या लावत होते.

मी मुलीच्या मुठीतून चॉकलेट सोडवलं. ती रडली. मी ते व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं आणि म्हणाले, ‘फ्रॉक नको. तुमचं काहीच नको.’ आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण रडणाऱ्या मुलीला घेऊन मी फाटकाबाहेर पडले, ते राहूनच गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी सासू म्हणाली, ‘मोठ्या माणसांशी वैर कशाला? कामं जातील.’ गेलीच. लग्नाचे उरलेले ब्लाउजपीस मी न कापता घडी करून अक्कांच्या दारात ठेवून आले. त्यांच्या नात्यातल्या चार घरांनी मला बोलवणं बंद केलं. मुलगी मुनिसिपालटीच्या शाळेत जाते. टीचर जीव लावते, पण एका खोलीत दोन वर्ग भरतात. रोज सकाळी अक्कांच्या शाळेची व्हॅन आमच्या दारावरून जाते. मुलगी हात हलवते. मला तिला थांबवता येत नाही.

तिची जागा गेली. ती परत येणार नाही, कुणी कितीही समजूत घातली तरी. मी अक्कांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पण आता मी आमच्या रस्त्यावर दारोदार जाते. मराठी, तमिळ, कुणाचंही घर असो, तीन वर्षांचं मूल दिसलं की त्याच्या आईला बाहेर बोलावते. सांगते, कुणी ‘आपली’ म्हणालं तरी अर्ज घाल. कुणी लाजवलं तरी घाल. जागा कुणाच्या घरची नाही, कायद्याची आहे. चिठ्ठ्या काढतील त्या दिवशी मी तुझ्याबरोबर येईन.

मे महिन्यात आम्ही सगळ्या अक्कांच्या शाळेच्या हॉलमध्ये, चिठ्ठ्या काढतात तिथे जाणार, पहिल्या ओळीत बसणार. शेवटची चिठ्ठी उघडून वाचेपर्यंत उठणार नाही. माझ्या मुलीची एक जागा त्यांनी ओसरीवर उभं राहून घेतली. आता दुसऱ्या कुणाच्या मुलाची घ्यायची असेल तर सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांत बघून घ्यावी लागेल.