लोखंडात अडकलेली हवा

दोन हजार चार सालची गोष्ट. मंगळवारी सकाळी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी उभी होते आणि समोर हॅकसॉ मशीनवर एका व्हॉल्व्हची बॉडी कापली जात होती. कुठं कापायची, ते मीच खडूनं आखून दिलं होतं...

तेव्हा माझी पीएचडी चालू होती. द्रव आणि वायू एकत्र वाहतात तेव्हा नेमकं काय होतं, याचं कॉम्प्युटर सिम्युलेशन. साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की आतली हवा बाहेर पडायला बघते. सगळी पडली नाही तर धातूत पोकळी राहते... ती कुठं राहील, हे माझा प्रोग्रॅम सांगणार होता.

या फाउंड्रीचे व्हॉल्व्ह टेस्टिंगला दाब धरत नव्हते. आत कुठंतरी पोकळी आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण कुठं ते कळत नव्हतं. मालकांनी कापायला एक बॉडी द्यायचं कबूल केलं. एकच. आणि प्रत्यक्ष कास्टिंगशी पडताळा दाखवल्याशिवाय थिसिस पुढं सरकणार नाही, असं माझ्या सरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

खरं सांगते, मला भीती वाटत नव्हती. शिरोळहून एसटीनं ये-जा करत चार वर्षं मी तो प्रोग्रॅम ओळ न् ओळ स्वतः लिहिला होता. एव्हाना तो माझ्याशी खोटं बोलणार नाही, एवढी खात्री होती...

बॉडीचे दोन तुकडे झाले. खडूच्या रेघेवर धातू एकदम भरीव, चकचकीत. टाचणी जाईल एवढंही भोक नाही.

कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मालक ऑफिसकडे निघाले. मी हातातल्या रंगीत प्रिंटआउटची घडी घालायला लागले...

शेजारी सुमनताई उभ्या होत्या. साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, त्या अठरा वर्षं बनवत होत्या. त्यांनी प्रिंटआउट मागून घेतला. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा तुकड्यांकडे.

"मॅडम, तुमच्यात ही मोठी चकती वर हाय व्हय? आम्ही ती खाली ठिवून ओततोय की."

मी त्यांच्या हातातल्या चित्राकडे वाकून बघितलं. व्हॉल्व्ह पाइपवर जसा उभा असतो, तसा ड्रॉइंगमध्ये काढला होता आणि मी तो तसाच कॉम्प्युटरमध्ये घातला होता. हवा वर चढते, पण माझ्या प्रोग्रॅममधलं 'वर' म्हणजे त्यांच्या साच्यातलं खाली... साचा कसा ठेवतात, हे मी चार वर्षांत कुणाला विचारलंच नव्हतं.

तशीच मालकांच्या मागं गेले. गणित बरोबर आहे, बाजू मी चुकवली, शनिवारी आणखी एक बॉडी कापू द्या, असं सरळ सांगितलं. ते नाहीच म्हणत होते. पण रिजेक्ट झालेल्या बॉड्या परत भट्टीतच जायच्या आहेत, त्यातली एक कापली तर काय बिघडतं, असं सुमनताईंनी मागून विचारलं... आणि ते तयार झाले.

प्रोग्रॅममधला बदल फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा उलटवणाऱ्या एका वजा चिन्हाचा होता. पण लॅबमधल्या त्या पीसीवर रन तीन दिवस चालला. मध्ये दोनदा लोडशेडिंगनं बंद पडला, दोनदा पुन्हा सुरू केला. शुक्रवारी दुपारी उत्तर आलं... पोकळी बरोबर दुसऱ्या टोकाला, जाड भिंतीच्या आत.

शनिवारी मी पुन्हा रेघ मारली. या वेळी आधी सुमनताईंना दाखवून. तुकडे वेगळे झाले आणि रेघेवरच हरभऱ्याएवढी काळी पोकळी दिसली. मालकांनी वाकून बघितलं आणि पुढच्या लॉटला काय बदल करायचा, एवढंच विचारलं. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

त्या जागी हवा निघून जायला सुमनताईंनी कोअरमध्ये एक बारीक वाट ठेवली. पुढच्या लॉटनं दाब धरला.

दीड वर्षानं थिसिसची बांधलेली प्रत घेऊन मी फाउंड्रीत गेले. ऋणनिर्देशात सरांच्या खालोखाल सुमनताईंचं नाव होतं. ते त्यांनी वाचलं, जरा लाजल्या आणि पानं उलटत चित्रांपाशी आल्या. साचा भरताना एकामागून एक टिपलेली चित्रं... खालून चढत जाणारं लोखंड आणि कोपऱ्यात कोंडत जाणारी हवा. बराच वेळ त्या बोट फिरवत बघत राहिल्या.

"इतकी वर्सं कोअर करतोय, पण साचा मिटल्यावर आत काय हुतंय ते आज बघितलं," त्या म्हणाल्या.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही कौतुक केलं होतं. त्यातलं आज फारसं आठवत नाही... पण मी नेमकं कशावर काम केलं असं कुणी विचारलं, की सुमनताईंचं हेच वाक्य सांगते. माझ्या कामाची इतकी नेमकी ओळख मला स्वतःलाही करून देता आली नव्हती.