आलास? बस

आख्खी गल्ली त्याला ‘डबलकुलूप’ म्हणायची. तोंडावर नव्हे, पाठीमागे; पण कुलपाच्या खटक्याला कान लावूनच ज्याची हयात गेली, त्याला पाठीमागचं ऐकू येत नाही थोडंच! कोपऱ्यावर त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. “किल्ली हरवली हो,” म्हणत गिऱ्हाईक आलं की हा आधी त्याचा चेहरा बघणार, मग कुलूप. स्वतःच्या घराला त्याने आतून-बाहेरून लागणारी दोन कुलपं ठोकली होती. बायको म्हणाली, “अहो, आपल्या घरात आहे काय चोरण्यासारखं?” तर म्हणे, “तेच चोराला कळायला नको.”

देवाच्या दारातही तोच प्रकार. रविवारी पाळकांनी “प्रार्थना करू या” म्हटलं की चर्चमध्ये सगळ्यांच्या माना खाली जात. ह्याचा एक डोळा उघडा, बाकाला टांगलेल्या छत्रीवर. डोळे मिटले की छत्री गेली, असं त्याचं ठाम मत. खरं तर छत्री आयुष्यात एकदाच गेली होती, आणि तीही त्याच्याच दुकानात सापडली. पण ह्याला कोण सांगणार? घरी जेवणं उरकली की “हे सर्वसमर्थ, दयाळू बापा”पासून गाडी जी सुटायची, ती थेट “आमेन”लाच थांबायची. लगेच हा कुलपं ओढून बघायला उठे. बायको मात्र डोळे मिटून तशीच बसलेली.

“झाली ना प्रार्थना? मग आता काय?”

“काही नाही.”

ह्या ‘काही नाही’ने त्याच्या मनात पाल चुकचुकली. एरवी ती त्याच्यासमोर तोंडाला कुलूप लावूनच असायची. ह्याला ते तिचं वळण वाटायचं. पण हल्ली ती आपल्याशीच हसायची. मागच्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन होतं, ते दुपारी मध्येच थांबतं, असं शेजारीण सहज बोलून गेली. सहज? ह्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

एका दुपारी किल्ल्या घासायची कानस घरी राहिल्याचं निमित्त करून तो परतला. दोन्ही कुलपं आवाज न करता उघडली. त्यात त्याचा हातखंडा होता, आणि खोटं कशाला बोला, हौसही होती. मागच्या खोलीचं दार आतून बंद. मशीन गप्प. आणि बायकोचा आवाज आला.

“आलास? बस. तुझीच वाट बघत होते.”

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. आलास! ‘आलीस’ नव्हे, ‘आलात’ नव्हे. म्हणजे बाप्या माणूस, आणि तोही अरे-तुरेतला!

“नाही रे, रडत नाहीये,” आतून आवाज. “ह्यांना नाही सांगितलं. ह्यांची आधी उलटतपासणी, मग ऐकणं.” आणि ती चक्क हसली.

शपथेवर सांगतो, त्या बोलण्यापेक्षा ते हसूच त्याला जास्त झोंबलं. शेवटचं आपल्यासमोर ती असं कधी हसली, त्याला आठवेना. त्याने दात-ओठ खात खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. दाराला कडी आतून, पण बिजागऱ्या बाहेरून. स्क्रू निघाले, दार सुटलं, आणि त्या दाराला मिठी मारून हा बहाद्दर उंबऱ्यात उभा!

खोलीत ती स्टुलावर. समोर रिकामी खुर्ची. बस्स.

“कुठे गेला तो?” ह्याने दार भिंतीला टेकवलं, कपाटामागे बघितलं, खिडकीचे गज हलवून पाहिले. “कोणाशी बोलत होतीस?”

“देवाशी.”

“मला शेंडी लावतेस? देवाशी असं बोलतात? ‘आलास, बस’?”

“मग कसं बोलतात?”

“रीतसर! मान खाली घालून. सर्वसमर्थ म्हणून.”

“तसं मी तुमच्याशी बोलते,” ती म्हणाली. “मान खाली घालून, शब्द तोलून. लग्न झाल्यापासून. एकाशी तरी मोकळेपणाने बोलू द्या.”

ह्याने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. मग जरा खालच्या आवाजात त्याने विचारलं, “पण मला काय नाही सांगितलंस?”

तिने मांडीवरचं कापड चाचपलं. “मला सुई ओवता येत नाही हो. उजव्या डोळ्यापुढे धुकं असतं, आता डाव्यापुढेही. पाळक म्हणाले, देवाला सगळं सांगावं, मूल बापाला सांगतं तसं. म्हणून त्याला सांगते.”

“मला का नाही?”

“तुम्ही विचारलं असतं, डॉक्टरकडे कोणाबरोबर जाणार.”

खरंच विचारलं असतं. तोंडात आलंही होतं.

तो भुईवर बसून दाराचे स्क्रू गोळा करू लागला. एक सापडेना. तो तिच्या पायाशीच पडला होता, आणि तिला दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरची वेळ ठरवून तो दुकानात आला. हातात किल्ली, पण कानस चालेना. समोर गिऱ्हाइकाचं रिकामं स्टूल होतं. इकडेतिकडे बघून तो पुटपुटला, “तू खरंच तिथे येऊन बसतोस? कशावरून? आणि बसतोस तर तिच्या डोळ्यांचं मला का नाही सांगितलंस? मी नवरा आहे तिचा! घाबरलोय मी, कळतंय का तुला?” मग तो दचकला. सर्वसमर्थ म्हणायचं राहिलंच होतं. आणि दोन्ही डोळे मिटलेले होते, लोकांच्या किल्ल्या अशा उघड्यावर टाकून.

दुपारी तो घरी गेला. दोन्ही किल्ल्या हातात होत्या. त्या त्याने खिशात टाकल्या आणि स्वतःच्याच दारावर टकटक केली.

“ये ना, दार उघडंच आहे,” आतून ती म्हणाली.

हे ‘ये’ आपल्याला, की त्याला? संशय आलाच; जित्याची खोड. पण त्याने चौकशी केली नाही. चपला काढल्या आणि आत गेला.