मामाच्या नावाचा जांभूळ सोडा

चौक फाट्यावरच्या एका टपरीत जांभूळ सोडा मिळतो. आमच्या भागात जांभळं पिकतात आणि झाडाखालीच सडून जातात. कुणा शहाण्याने त्यांचा रस काढून सोड्यात घातला आणि माझ्यासारख्यांचं भलं केलं. बाटली काचेची, गळ्यात गोटी. अंगठ्याने गोटी खाली दाबली की जांभळा फेस उसळतो, आणि तो सांडायच्या आत तोंड लावावं लागतं. पहिला घोट तुरट, मग गोड, आणि शेवटी काळं मीठ नि जिरं जिभेवर रेंगाळतं. नाकात झिणझिण्या येतात. मग असा काही ढेकर येतो की वाटावं, आपलं सगळं चांगलं चाललंय. कर्जतहून त्या बाजूला गेलो आणि सोडा न पिता परतलो असं माझ्या हातून कधी झालं नाही. त्या दिवशी तरी व्हायला हवं होतं.

त्या दिवशी मी मामाच्या दुखवट्याला निघालो होतो. मामा लोधिवलीचा, माझ्या आईचा एकुलता भाऊ. तो गेला तेव्हा मी कामासाठी नागपूरला होतो, अग्नी द्यायच्या वेळेला पोचू शकलो नाही. मामाने मला खांद्यावर खेळवलं होतं. ज्या भाच्याला सगळ्यात पुढे उभं राहायला हवं, तोच नव्हता, हे भावकीत बोललं गेलं असणारच. मामी काय म्हणेल, म्हणजे खरं तर काहीच म्हणणार नाही, याचीच धास्ती होती.

दुखवट्याला जाताना वाटेत कुठे थांबू नये, काही खाऊ-पिऊ नये, अशी आमच्याकडे रीत. तिथे गेल्यावर कोरा चहा मिळतो तेवढाच घ्यायचा, आणि निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. हे सगळं मला पाठ आहे. पण ऊन मी म्हणत होतं, हेल्मेटच्या आत डोकं उकडत होतं, आणि टपरी दिसल्यावर हात आपोआप ब्रेकवर गेला. एक बाटली प्यायलो. गार होती, म्हणून दुसरीही प्यायलो. मामाची आठवण वगैरे काही नव्हती, हे इथे सांगून टाकतो. तहान होती आणि हावरटपणा होता.

मामाच्या ओटीवर माणसं दाटून बसली होती. मामी भिंतीला टेकून होती. तिला पाहिलं आणि मला खरोखरच रडू फुटलं. लहान पोरासारखा, तोंड वासून रडलो. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी पुढे वाकली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“अगो बाय, याची जीभ बघा. काळीनिळी झालीय. यानं काय खाल्लं का काय?”

दोघं-तिघं उठले. एकाने माझा जबडा धरला. भावकीतले एक काका कुणाला तरी म्हणाले, “टेंपो काढ रं, पनवेलला न्यावा लागंल.” मामाच्या दुःखाने भाच्याने विष घेतलं, असं त्या ओटीवर क्षणभर सगळ्यांना वाटलं. मला बोलणं भाग होतं.

“नाही हो काका. सोडा प्यायलो. फाट्यावर. जांभळाचा.”

ज्याने माझा जबडा धरला होता त्याने हात सोडला आणि धोतराला पुसला. आणि नेमका त्याच वेळी, जो इतका वेळ आवरून धरला होता तो ढेकर आला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला तेव्हा वाटलं.

मग मामी बोलली. मी आल्यापासून पहिल्यांदाच. “त्यांच्या आवडीचा सोडा त्यो. मामा-भाचे जोडीनं प्यायचे फाट्यावर. त्यांची आठवन म्हनून प्याला असंल पोरगा.”

बायकांनी पुन्हा पदर डोळ्यांना लावले. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी काय करावं? मी मान हलवली. नुसती हलवली असती तरी चाललं असतं, पण मी “हो” म्हणालो, आणि वर डोळेही पुसले.

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. लहानपणी सुट्टीत मामा मला सायकलवर बसवून हायवेला न्यायचा, सोडा घेऊन द्यायचा आणि स्वतः बाजूला उभा राहून चहा प्यायचा. “नाकात जातं रं ते,” म्हणायचा. मामाने सोड्याचा घोट घेतलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मामीला हे ठाऊक नसावं, तिचा भाबडा समज आहे आणि माझं नशीब चांगलं आहे, असा हिशेब करून मी घरी आलो. मोठी आंघोळ केली आणि दात दोनदा घासले.

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी सगळे जमलो. पिंड मांडले. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही, असं आमच्याकडे मानतात. मामी हात जोडून झाडाकडे बघत बसली होती. तिचा सगळा जीव त्या कावळ्यात होता. पिंडांशेजारी मामाच्या आवडीचं मांडलं होतं, तांदळाची भाकरी, सुकट, तंबाखूची पुडी. आणि मामाच्या मुलाने पिशवीतून एक काचेची बाटली काढली.

“दादा, तुमीच वता. तुमच्या हातचा घेतील.”

मी गोटी दाबली. द्रोणात जांभळा सोडा ओतला आणि तो पिंडाजवळ ठेवला. सगळे मागे सरले.

कावळे होते, झाडावर चांगले चार-पाच होते, पण खाली येईनात. एक उतरला, दोन उड्या मारल्या, द्रोणाकडे मान वाकडी करून बघितलं आणि परत गेला. द्रोणात फेस चुरचुरत होता. काका मोठ्याने म्हणाले, “पोरांचं नीट बघू, काळजी करू नको.” मामाच्या मुलाने बहिणीच्या लग्नाचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून शिववू या, असं हळूच सुचवलं. मामीचा चेहरा उतरला. दर्भाच्या कावळ्यावर भागवलं असतं तर नवऱ्याची कसली इच्छा राहिली, हा भुंगा तिच्या डोक्यात जन्मभर राहिला असता. आणि मला एकट्याला दिसत होतं की वाटेत माझं खोटं ठेवलेलं आहे. तरी मी बोललो नाही. इतक्या माणसांत पुन्हा तोंड कसं उघडायचं?

मामी उठून माझ्याजवळ आली. माझ्या कानापुरतंच बोलली.

“त्यो द्रोण उचल. त्यांना सोडा कदी आवडला नाय. सरबतातसुदा घालू देत नवते.”

“मामी, मग त्या दिवशी...”

“लोकांच्या तोंडातनं तुला सोडवायला बोलले मी. आता त्यांना ताटकळत नको ठेवू.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला तोंड तरी देऊ शकलो असतो. दुखवट्याच्या त्या दिवशी तिच्या कपाळाचं कुंकू पुसलं जाऊन तीनच दिवस झाले होते, आणि तेव्हा ती माझी अब्रू सांभाळत बसली होती. मी तिला भाबडी समजून हायवेवरून शीळ घालत घरी गेलो होतो.

मी पुढे झालो आणि द्रोण उचलला. चार पावलं मागे येतो न येतो तोच कावळा खाली उतरला, पिंडावर चोच मारली आणि भाकरीचा तुकडा घेऊन उडाला. लोकांनी हात जोडले. मामी मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळी रडली.

“बगा,” काका सगळ्यांना सांगत होते, “भाच्याचा हात लागला तवाच शिवला. लई जीव होता दोघांचा.”

लोक माझ्याकडे मायेने बघत होते. मी द्रोण छातीशी धरून उन्हात उभा होतो. फेस अजून बसला नव्हता, काळ्या मिठाचा वास थेट नाकात येत होता. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.