निळ्या झालेल्या पेशी

पवईच्या लॅबमध्ये पीएच.डी. करत होते तेव्हाची गोष्ट. आपल्या पेशींमध्ये जनुकांकडून निरोप सुटतात आणि त्याबरहुकूम प्रथिनं बनतात. आरएनएचा एक छोटा तुकडा आत पोचवला, तर तो नेमका एकच निरोप गाठून नष्ट करतो. ते जनुक गप्प होतं. अडचण एवढीच, की पेशी हा तुकडा आत घेत नाही. म्हणून मी पेप्टाइडचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा, वाहक बनवत होते. आरएनएला कवटाळून त्यानं पेशीत शिरायचं होतं.

चाचणीसाठी हिरव्या चमकणाऱ्या पेशी वापरायचो. चमक देणारं जनुक गप्प झालं की पेशी विझणार.

एका शुक्रवारी मायक्रोस्कोपला डोळा लावला तर बशी काळी. आधी वाटलं, दिवाच लागला नाही. वाहक न घातलेली बशी ठेवली, ती हिरवीगार. मी लॅबमधल्या सीनियरला हाक मारली.

"झकास गं," ती म्हणाली. "पण कंट्रोल?"

कंट्रोल म्हणजे त्याच वाहकातून पाठवलेला निरर्थक आरएनए. त्यानं चमक जायला नको. तो तुकडा कुरिअरने उशिरा आला होता, त्यामुळे ती बशी सोमवारी बघायची होती.

बोरिवलीला घरी आल्यावर आईला सांगितलं की बहुतेक जमतंय. 'बहुतेक' आईनं ऐकलं नसावं, तिनं शेजारी सांगूनही टाकलं. रविवारी सकाळी समोरच्या काकू रिपोर्टची फाइल घेऊन दारात उभ्या. काकांचं लिव्हर कधीपासून बिघडलं होतं.

"तुझं औषध यांना कधी देता येईल गं?"

"काकू, हे औषध नाही अजून. बशीतल्या पेशी आहेत फक्त. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील."

"वर्षं लागू देत. निघालंय ना, बस," त्या म्हणाल्या आणि फाइल आमच्या टेबलावरच ठेवून गेल्या.

सोमवारी कंट्रोलची बशी ठेवली. तीही काळी. मी लेन्स पुसली, बशी फिरवली, पुन्हा बघितलं. माझ्या गाइड मॅडमना बोलावलं. त्यांनीही डोळा लावून बघितलं.

"निळा रंग घालून बघ," त्या हळूच म्हणाल्या.

जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही, मेलेली घेते. मी थेंब सोडला. बघता बघता सगळ्या पेशी निळ्या झाल्या. जनुक गप्प झालंच नव्हतं. माझ्या वाहकानं पेशींची आवरणंच फोडली होती, आणि मेलेल्या पेशी चमकणार कुठून?

संध्याकाळी फाइल परत द्यायला काकूंकडे गेले. काकू दारातच म्हणाल्या, "आज हॉस्पिटलला यायलाच तयार नाहीत. म्हणतात, समोरच्या पोरीचं औषध येतंय, आता कशाला सुया टोचून घेऊ?"

बशीतल्या पेशी मेल्या ते वेगळं. इथे एक माणूस माझ्या भरवशावर उपचार सोडून बसला होता. मी आत गेले. काका टीव्ही बघत होते.

"काका, ते काम फसलं," मी म्हणाले. "पेशी मेल्या सगळ्या. माझं औषध वगैरे काही येत नाहीये. उद्या हॉस्पिटलला चला, मी येते बरोबर."

त्यांनी टीव्ही बंद केला. मग विचारलं, "सगळ्या मेल्या?"

"सगळ्या."

"बरं," ते म्हणाले. "लवकर निघू मग. उशीर झाला की तिथे बसायला जागा मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टर ओरडले, पण उपचार पुन्हा सुरू झाले. काकांची तब्येत आजही वरखाली होत असते.

मी साखळीतली काही अमिनो आम्लं बदलली. वाहक बाहेरून शांत राहावा आणि पेशीनं त्याला आत ओढून आपल्या आम्लधर्मी पिशवीत घेतल्यावरच त्यानं आरएनए सोडावा, असं ते जुळवायचं होतं. बरेच महिने गेले. एका दुपारी बशी अंधुक दिसली, कंट्रोल मात्र हिरवी. मी आनंद केला नाही. आधी निळा थेंब सोडला आणि बघत बसले. पेशींनी रंग घेतला नाही. माझा विश्वासच बसेना, म्हणून बशी मॅडमपुढे सरकवली आणि म्हटलं, "तुम्ही सांगा."