तडकलेल्या अंड्यांची फेरी

जमुनाचं आणि तिच्या नवऱ्याचं, रूपसिंगचं, भांडण मी कुडाच्या भिंतीतून ऐकलं होतं. कान लावायची गरजच नव्हती. आमच्या पाड्यात दोन घरांमध्ये एकच कूड, तिकडे कोणी खोकला तर इकडे आम्ही पाणी देतो. तेव्हा ती दोघं आमच्या शेजारी राहायची, पुढे पाड्याच्या वरच्या टोकाला गेली.

"अख्खं गाव जेवलं," रूपसिंग ओरडत होता, "आणि तू एकटी पान सोडून उठलीस! माझं तोंड कुठं ठेवू?"

"तुझं तोंड मटणात होतं, तिथंच ठेव," जमुना म्हणाली. "माझ्या बहिणीवर हात टाकला त्यानं. त्याचा बोकड मी खाऊ?"

"मिटलं ना आता सगळं!"

"जेवला त्याचं मिटलं. मी जेवले नाही."

आमच्याकडची ही जुनी रीत आहे. पंच बसतात, ज्याचा गुन्हा त्याच्याकडून बोकड घेतात, दोन्ही घरं एका पंगतीला बसतात. जिच्यावर बेतलं तिने पहिला घास घ्यायचा. घास पोटात गेला की गोष्ट पोटात गेली. मग पोलीस नाही, कोर्ट नाही, नदीवर धुणं धुताना कुजबुजही नाही. जमुनाच्या बहिणीने घास घेतला, आणि पुढे ती माहेरी फिरकलीच नाही.

या जमुनाबाईबद्दल मी लिहिते आहे. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा अक्षरं कोंबडीच्या पायासारखी आहेत. माझ्या नातीची गोष्ट यात आहे, ती तिला विचारूनच लिहिली. तिला इथे दिपाली म्हणते, ते तिचं नाव नाही. ज्याने केलं त्याला नवल म्हणते, तेही खोटं. वकील म्हणाले म्हणून बदललं, माझं मन नव्हतं. जमुनाने मात्र आपलं नाव बदलू दिलं नाही. "मी काय केलंय लपायला?" म्हणाली.

जमुना नवापूरकडच्या पोल्ट्रीतून तडकलेली अंडी आणायची आणि पाड्यापाड्यांत दारोदार विकायची. तडकलेलं अंडं दुकानदार घेत नाही, गरिबाला चालतं. अंडीवाली आली म्हणजे कोणी विचारत नाही, कशाला आली. त्यामुळेच हॉस्पिटलच्या अभ्यासात घरोघरी जायला तिला घेतलं.

तो अभ्यास रोशनी मॅडम नावाच्या डॉक्टरीणबाई करत होत्या. ज्या बायकामुलींवर जबरदस्ती झाली, त्यांच्यावर हॉस्पिटलात उपचार होतातच. पण वर्षभर कोणी त्यांच्या घरी जाऊन बसलं, झोप-भीती विचारली, कोर्टात सोबत गेलं, तर त्या लवकर सावरतात का, हे बघायचं होतं. काहींच्या घरी बाई जाणार, काहींना फोन, आणि हे चिठ्ठी टाकून ठरवणार. मला राग आला. हे काय, लग्नात साडी सोडतीत निघाल्यासारखं? मॅडम हसल्या. "आजी, अर्ध्या वावराला नवं खत घालून बघता ना, उरलेलं तसंच ठेवून? नाहीतर पीक खतानं आलं की पावसानं, कसं कळणार?" आमच्या चिठ्ठीत घरी येणारी बाई निघाली, तीही जमुना, म्हणून राग लवकर गेला.

दिपाली वीस वर्षांची. पोल्ट्रीत कामाला होती, नवल तिथला मुकादम. शेडमध्ये काय झालं ते मी लिहिणार नाही. पोलिसांत तक्रार झाली, नवल जामिनावर सुटला, आणि मग त्याची मोटरसायकल आमच्या पाड्यावरून जायला लागली. थांबायची नाही. फक्त घरासमोर आली की हळू व्हायची. दिपालीचा बाप, माझा मुलगा दोधू, आणि सून ऊसतोडीला गुजरातेत. घरात मी आणि पोरगी. तो आवाज आला की चुलीवरचं कालवण ढवळायचं मी विसरायची.

जमुना आठवड्यातून एकदा यायची. पाड्याच्या वरच्या टोकापासून सुरू करायची, प्रत्येक दारी अंडी द्यायची, पोल्ट्रीतल्या बायकांना सांगायची की शेडमध्ये जोडीनेच जा, कडी आतून लावता येते का बघा. मग आमच्याकडे. इथे जरा पाणी प्यायला बसायची. त्या पाण्यातच सगळे प्रश्न. उठून पुढच्या घरी. फेरीतलं एक घर गाळायचं नाही, हा तिचा नेम. एकाच घरी गेली की गाव ओळखणार.

तो नेम तिनेच मोडला. दिपाली दोन सकाळी हापशीवर दिसली नाही. तिला ताप होता, दुसरं काही नाही. पण जमुनाच्या मनात आलं, पोरीने फवारणीचं औषध घेतलं की काय. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि सगळी दारं सोडून पळतच आमच्या घरात शिरली. पोरगी गोधडीत घामाघूम बघून ती मटकन खाली बसली आणि रडली. मी तिला म्हटलं, "अगं, ताप दिपालीला आलाय, थरथरतेस तू."

बाहेर आली तर वळणावर नवल. गाडी आडवी लावलेली. तो खालच्या सपाटीचा, अहिराणी बोलणारा.

"काय मावशी, तुले एकच घर दिखस का? बाकीना घरं वसाड पडनात का?"

जमुनाने टोपली कडेला घेतली आणि बाजूने निघाली.

"इतला येळ काय करी ऱ्हायनी व्हती? अंडा उबवाले बसनी व्हती का?" तो हसला. मग टोपलीतलं एक अंडं उचललं, कानाजवळ नेऊन हलवलं आणि अलगद परत ठेवलं. फोडलं असतं तर बरं झालं असतं, असं जमुना नंतर म्हणाली.

रोशनी मॅडमनी तिची फेरी लगेच बंद केली. अभ्यासाचा नियमच तसा, घरी जाणाऱ्या बाईच्या जिवाला धोका नको. दुसरी बाई पाठवू म्हणाल्या. दिपालीने नवीन बाईला दारच उघडलं नाही.

त्याच आठवड्यात पंचांचा म्होरक्या, पाड्याचा कारभारी, आमच्या अंगणात आला. नवलने बोकड कबूल केला होता. रविवारी पंगत. दोधूला निरोप गेला, तो धावत आला. माझा पोर भित्रा नाही, पण त्या दिवशी नजर जमिनीवरून उचलेना.

"आई, जेवून टाकू. आम्ही तिकडे, तुम्ही दोघी इथे. कोण बघणार तुमच्याकडे?"

मी काय सांगणार? मलाही तेच वाटत होतं. एक घास, आणि गाडीचा आवाज बंद.

रविवारी सकाळी वरच्या टोकाकडून हाक आली, "अंडीऽऽ!" मी दचकलेच. जमुना एकेक दार करत खाली येत होती. मॅडमशी भांडून आली होती. शेवटी मॅडमनी अट घातली, रूपसिंग हाकेच्या अंतरावर राहील तर जा. म्हणून रूपसिंग मागे, रिकामा ट्रे घेऊन, लग्नात हरवलेल्या पाहुण्यासारखा.

पाणी घेऊन ती बसली. मी म्हटलं, "जमुना, तूच सांग हिला, जेवायचं की नाही."

"काकी, मी सांगायचं नाही. विचारायचं तेवढं माझं काम." मग दिपालीकडे वळली. "बाळा, तुला जेवायचंय का?"

इतक्या दिवसांत कारभाऱ्याने विचारलं नव्हतं, बापाने नाही, मीही नाही. पोरगी पायाच्या बोटाने जमीन उकरत राहिली.

"नाही," म्हणाली.

तरी पंगतीला जावंच लागलं. नकार पंचांसमोर द्यायचा असतो. पानं मांडली. मटणाचा वास असा सुटला होता की माझ्या तोंडाला पाणी आलं, खोटं कशाला बोलू. समोर नवल बसलेला. कारभारी म्हणाला, "पोरी, घे घास."

दिपाली उठली. तिचा आवाज चिरकला, पण आला. "मला जेवायचं नाही. मी कोर्टात सांगणार."

मीही उठले. गुडघे धरले होते, दोधूने हात दिला, आणि हात देता देता तोही उठला. नवल हसतोय की नाही, वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

दोधू मग ऊसतोडीला परत गेला नाही. रात्री दाराला कडीशिवाय उखळही लावतो. दिपालीने कोर्टात सगळं सांगितलं. जमुना बाहेर बाकावर बसून होती. निकाल अजून लागलेला नाही. गाडी अजून जाते. आम्ही अजून भितो.

गेल्या बुधवारी वर्ष भरलं, जमुनाची आमच्याकडची शेवटची खेप. वरच्या टोकापासून दारोदार करत ती आली. वळणावर गाडी उभी होती, ते तिनेही पाहिलं, मीही पाहिलं. तिने टोपली खाली ठेवली. पाणी प्यायली. मग दिपालीला नेहमीच्या क्रमाने विचारलं.

"झोप लागते?"

"लागते. मध्ये जाग येते."

"दचकतेस?"

"आत्ता दचकले. गाडी बघून."

"कुठं जायचं टाळतेस?"

"पोल्ट्री. बाकी जाते."

जमुनाने आणखी काही विचारलं नाही. आमची अंडी काढून दिली, चुंबळ डोक्यावर नीट बसवली, टोपली उचलली आणि वळणाच्या बाजूचं जे पुढचं घर, तिथे जाऊन दारात हाक मारली.