सुपरवायझरबाईंचं सरबत

सुपरवायझरबाईंच्या घरात लिंबू पिळायचं यंत्र नव्हतं. यंत्र सालीवर जोर करतं आणि सालीचा कडवटपणा रसात उतरतो, असं त्यांचं म्हणणं. त्या लिंबू हाताने पिळत, एकदाच, आणि थोडा रस राहिला तरी फोड बाजूला टाकत. "रस येईपर्यंत पिळायचं. साल रडेपर्यंत नाही," असं त्या बजावत. माणसांच्या बाबतीत मात्र त्या हे पथ्य पाळत नसत.

अंबरनाथच्या एका कारखान्यातून त्या सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. इमारतीत त्यांचं नाव क्वचितच कोणी घेई. तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. मुलगी लग्न होऊन सोनिवलीला गेलेली. मी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. राग त्यांच्या नाकावर असे. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीवाल्याच्या आधी बाई तिथे हजर, आणि सेक्रेटरी बहुधा जिन्याने निघून गेलेले.

लिंबं घ्यायला त्या शेअर रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये जात. कधी कधी मीही सोबत असे. तिथला सिंधी फळवाला त्यांना पाहिलं की टोपली मागे ओढायचा.

"दबाव मत, दीदी. निंबू है, टमाटर नहीं."

"दाबल्याशिवाय साल पातळ आहे ते कळणार कसं, साईं?"

"तो घर ले जाके दबाव."

"घरी नेल्यावर तू परत घेशील?"

पुढच्या खेपेला बाई त्याच्यासाठी सरबताची बाटली नेत. तो गिऱ्हाईक थांबवून बाटली तिथेच तोंडाला लावायचा आणि वर सांगायचा, "शक्कर कम है." या तक्रारीचा बाईंना राग येत नसे. परतीच्या रिक्षात ती त्या मला दोनदा सांगत.

सरबत त्या फळांचं करत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कलिंगड, मेमध्ये करवंदं, जूनमध्ये मुलीने सोनिवलीहून पाठवलेली जांभळं. फळ हाताने कुस्करायचं, साखर आणि सैंधव लावून झाकून ठेवायचं, मग मलमलच्या फडक्यातून न दाबता गाळायचं. गॅस पेटवायचा नाही. "लिंबू सगळ्यात शेवटी. आधी घातलं की फळ बोलतच नाही." जांभळाच्या काळपट रसात लिंबू पडलं की तो लालभडक होई. तेवढा वेळ बाई पातेल्यावरून नजर काढत नसत. बाजारातल्या तयार सिरपबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "तो रंग आहे. रंग भिंतीला देतात."

दरवर्षी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्या इमारतीच्या प्रत्येक दारात सरबताचे पेले पोचवत. बाई बौद्ध होत्या. आमच्या इमारतीत एवढं कारण पुरत असे, आणि ते तोंडाने कोणी उच्चारत नसे. पेला हसून घेतला जाई, "कशाला एवढी तसदी" म्हटलं जाई, आणि दार लागे. एका वर्षी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या कुंडीवर मुंग्यांची रांग लागली. मातीत कलिंगडाच्या गराचे धागे होते. कुंडी समोरच्या दाराची, म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंची. सुपरवायझरबाईंनी बेल वाजवली.

"वहिनी, तुमच्या कुंडीला शुगर झालीय. डॉक्टरांना दाखवा."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, धक्का लागून सांडलं."

"फरशीवर सांडतं. कुंडीत ओततात."

त्यानंतर चारच दिवसांनी अध्यक्षबाई त्यांच्याकडे आल्या. एक मेच्या झेंडावंदनानंतर सगळ्यांना सरबत द्यायचं मंडळाने ठरवलं होतं. "तुमच्या हाताला काय चव आहे! तुम्ही खुर्चीवर बसून फक्त सांगा. आमच्या किचनमध्ये आम्ही करू." मी तेव्हा पेपर परत करायला गेलो होतो. सुपरवायझरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चव हाताला आहे ना? मग हात का नको?" मग स्वतःच ठरवून टाकलं. "सरबत मीच करीन. खाली, सगळ्यांसमोर. ज्याला प्यायचं त्याने प्यावं."

एक मेला त्यांनी झेंड्याजवळ टेबल मांडलं. कलिंगड घरी कुस्करून, गाळून आणलं होतं. लिंबं तिथे चिरली. पलीकडच्या टेबलावर मंडळाने नारिंगी सिरपचा मोठा जार ठेवला होता. लोक आधी दोन्ही टेबलांकडे पाहत, मग एकमेकांकडे, आणि बहुतेक जण जारकडे वळत. बाईंकडे वॉचमन आला, काही भाडेकरू आले. मग बाईंनी एक पेला भरला आणि त्या स्वतः अध्यक्षबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नको हो, आज गुरुवार. माझा उपवास असतो."

"म्हणूनच आणलंय. कलिंगडाचं सरबत उपवासाला चालतं. सैंधव घातलंय, साधं मीठ नाही."

हात पुढे होता, पेला हातात होता. अध्यक्षबाईंनी तो घेतला, थोडा वेळ धरला आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवला. "घसा बसलाय," म्हणाल्या आणि ध्वनिक्षेपकाकडे गेल्या. तिथे त्यांनी एकोप्यावर भाषण केलं. घसा बसल्याचं जाणवलं नाही.

उरलेलं पातेलं बाईंनी वॉचमनच्या मदतीने गेटबाहेर नेलं. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी ते संपवलं, दोघांनी पुन्हा मागितलं. मी म्हटलं, "बाई, शेवटी संपलं की." त्या माझ्यावरच चिडल्या.

"रिक्षावाले पितातच. तो सिंधीपण पितो. मला सरबत संपवायचं नव्हतं. मला समोरचं दार हवं होतं. जिना एक, पाण्याची टाकी एक. टाकीचं पाणी चालतं त्यांना. त्यात माझं लिंबू पडलं की घसा बसतो."

मुलीने सोनिवलीच्या नव्या इमारतीत राहायला बोलावलं, तेव्हा बाईंनी साफ नाही म्हटलं. "मी गेले तर यांना बरं वाटेल. का बरं वाटू द्यायचं?" पुढच्या जयंतीलाही त्यांनी प्रत्येक दारात पेले पोचवले. समोरच्या दाराची बेल जरा जास्त वेळ दाबून ठेवली. मी नंतर अंबरनाथ सोडलं, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राहिलो.

बाई गेल्या ते मला त्या ग्रुपवरच कळलं. सेक्रेटरींनी बातमी टाकली, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग अध्यक्षबाईंचा लांब मेसेज आला. बाई परखड होत्या, पण मनाने निर्मळ होत्या, शेजारी कसा असावा याचा आदर्श होत्या. शेवटी लिहिलं होतं: "त्यांच्या हातच्या सरबताची चव कायम जिभेवर राहील."

मी खाली विचारलं, "कशी होती चव?"

तो प्रश्न ग्रुपवरच्या सगळ्यांनी वाचला. उत्तर अजून आलेलं नाही.