दिवसा सांगितलेली गोष्ट

नववीच्या इंग्रजीत आफ्रिकेतली एक लोककथा होती, ससा आणि हत्तीची. कुवेतच्या आमच्या शाळेतली मुलं ती इकाम्याचा, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याचा, फॉर्म वाचावा तशी वाचत होती. घरी आईबापांना यस-नोपलीकडे उत्तर न देणारी ही पोरं, वर्गात तरी कशाला तोंड उघडतील? माझं डोकं फिरलं होतं. तेवढ्यात दाराशी लादी पुसणारी आमची आया थांबली आणि हसली. ती केनियाची.

"मॅडम, ही वाचायची नसते, सांगायची असते. आणि ऐकणाऱ्यांनी मध्येमध्ये उत्तर द्यायचं असतं."

"मग तूच ये आणि सांग," मी म्हटलं.

तिचं हसू मावळलं. आमच्या गावात गोष्टी दिवसा सांगत नाहीत, म्हणाली. दिवसा सांगितली तर सांगणाऱ्याच्या आईच्या जिवावर बेततं.

"अगं, काहीतरीच काय! शाळा दुपारी सुटते, अंधार कुठून आणू मी?" पुढच्या आठवड्यात सुपरवायझर माझा तास बघायला येणार होत्या. मी परत सांगितलं, जरा आवाज चढवून. ती कंत्राटावरची आया, मी मॅडम. ती हो म्हणाली.

त्या दिवशी तिने आधी वर्गाचे पडदे ओढले, दिवे बंद केले. "सुपरवायझरना दिसायला नको का?" म्हणत मी पडदे उघडले, दिवे परत लावले. मग ती सांगू लागली. ती हाक घालायची आणि अख्खा वर्ग एका सुरात ओ द्यायचा. वर्षभर घुम्यासारखी बसलेली एक मुलगी हत्ती होऊन उठली आणि चक्क पूर्ण वाक्यांत भांडली. शाबासकी मला मिळाली. मी ती घेतलीही.

तीन आठवड्यांनी आयाची आई गेली. म्हातारी होती, बरेच दिवस आजारी होती म्हणे. कंत्राटदाराने सुट्टी दिली नाही. मी तिला जिन्याखाली गाठलं.

"अगं, गोष्टीने असं काही होत नसतं."

"माहीत आहे मॅडम," ती म्हणाली. "पण मी सांगायला नको होती."

मला इतकी लाज वाटली, की साधं सॉरीसुद्धा न म्हणता मी जिना चढून वर्गाकडे गेले. पुढे कंत्राट संपलं आणि ती गावी गेली.

यंदा तोच धडा आला. मागच्या वर्षीच्या मुलांकडून ऐकलं होतं ना, सगळे मागेच लागले, मॅडम, तुम्ही सांगा. गोष्ट मला तोंडपाठ होती. पुस्तक मिटून उभी राहिले, आणि देवगडला एकटी राहणारी माझी आई डोळ्यांसमोर आली. ऐंशीची, भिंतीला धरून चालणारी. शुद्ध वेडेपणा आहे हा, मी स्वतःला बजावलं. दोनदा बजावलं. तोंड उघडेना.

"पुस्तकं काढा," मी म्हटलं. "पहिल्या ओळीपासून वाचा."

माझ्या आईसाठी मला नाही म्हणता आलं. तिला तिच्या आईसाठी नाही म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती.